एनएफएलमधला असिस्टंट कोच: नोकरी लागते कशी, टिकते कशी, जाते कशी

9 फेब्रुवारी 2025 च्या रात्री न्यू ऑर्लीन्सच्या सुपरडोममध्ये फिलाडेल्फिया ईगल्सने कॅन्सस सिटी चीफ्सला 40-22 असं हरवून सुपर बोल, म्हणजे अमेरिकन फुटबॉलच्या एनएफएल या व्यावसायिक लीगचा अंतिम सामना, जिंकला. चीफ्सचा क्वार्टरबॅक (आक्रमणाची चाल चालवणारा आणि पास फेकणारा खेळाडू) पॅट्रिक माहोम्स, म्हणजे त्या काळातला सगळ्यांत धोकादायक खेळाडू. ईगल्सच्या बचाव फळीने त्याला सहा वेळा चेंडूसकट जमिनीवर पाडलं. एरवी असं करायला बचावाचे जादा गडी त्याच्या अंगावर सोडतात, त्याला ब्लिट्झ म्हणतात. ईगल्सने तो अख्ख्या सामन्यात एकदाही वापरला नाही. पुढचे चार गडी धावून जात होते आणि उरलेले सात जण मागे थांबून माहोम्सला चेंडू फेकायला जागाच ठेवत नव्हते.

ही आखणी होती 66 वर्षांच्या विक फँजिओंची. ते संघाचे हेड कोच नव्हते. डिफेन्सिव्ह कोऑर्डिनेटर होते, म्हणजे पदाने असिस्टंट कोचच. कोचिंगला त्यांनी सुरुवात केली 1979 मध्ये, पेनसिल्व्हेनियातल्या डनमोर या आपल्या गावच्या हायस्कूलमध्ये. एनएफएलमधली पहिली नोकरी 1986 ची, न्यू ऑर्लीन्स सेंट्सकडे, याच सुपरडोममध्ये. मधल्या काळात दहा संघ झाले, कित्येकदा हाती नारळ आला, एकदा हेड कोचपद मिळालं आणि तीन वर्षांत गेलं. व्यावसायिक फुटबॉल ते स्वतः कधीच खेळले नाहीत.

अमेरिकन फुटबॉल बघणाऱ्या आपल्या लोकांना क्वार्टरबॅकची नावं पाठ असतात, हेड कोचही ठाऊक असतो. त्याच्यामागे हेडसेट लावून उभी असलेली वीस-पंचवीस माणसं मात्र कोणाच्या गणतीत नसतात. खेळ समजून घ्यायचा तर आधी ती माणसं समजून घ्यावीत असं मला मनापासून वाटतं. कारण मैदानावर जे घडतं त्यातलं बहुतेक त्यांनीच आठवडाभर शिकवलेलं असतं.

इतके कोच कशाला लागतात?

एनएफएलमध्ये 32 संघ आहेत. प्रत्येकाकडे 53 खेळाडू, शिवाय सरावापुरते ठेवलेले सोळाएक. मैदानात एका वेळी अकराच उतरतात, पण ते अकरा दर वेळी वेगळे. चेंडू आपल्याकडे असला की आक्रमणाची फळी, नसला की बचावाची, आणि किक मारायची किंवा झेलायची असेल तेव्हा तिसरीच, तिला स्पेशल टीम्स म्हणतात. शिवाय हा खेळ सलग वाहत नाही. एक चाल पाच-सहा सेकंदांत संपते आणि पुढची सुरू करायला चाळीस सेकंद मिळतात. चार प्रयत्नांत दहा यार्ड गाठायचे असतात, ते जमलं की पुन्हा चार प्रयत्न. प्रत्येक चालीत अकराच्या अकरा जणांना वेगवेगळं काम ठरवून दिलेलं असतं. एकाचं पाऊल चुकलं तरी चाल फसते.

क्रिकेटच्या संघाला बॅटिंग, बोलिंग आणि फिल्डिंगचे तीन कोच पुरतात. इथे प्रत्येक जागेला स्वतंत्र कोच लागतो: क्वार्टरबॅकचा वेगळा, धावणाऱ्यांचा वेगळा, पास झेलणाऱ्या रिसीव्हरांचा वेगळा, क्वार्टरबॅकपुढे भिंत उभी करणाऱ्या ऑफेन्सिव्ह लाइनचा वेगळा. बचावाकडेही तसंच, पुढची रांग, मधले लाइनबॅकर, मागचे कॉर्नरबॅक आणि सेफ्टी. या सगळ्यांना पोझिशन कोच म्हणतात. त्यांच्या वर आक्रमण, बचाव आणि स्पेशल टीम्स यांचे तीन कोऑर्डिनेटर, आणि त्यांच्या वर हेड कोच. पोझिशन कोचच्या हाताखाली एकेक मदतनीस असतो. सगळ्यांत तळाशी येतो क्वालिटी कंट्रोल कोच. नाव भारदस्त असलं तरी काम हमालीचं.

तळाची पायरी

या धंद्यात शिरायला मुख्यतः दोन दारं. पहिलं कॉलेजचं. पदव्युत्तर शिक्षण घेता घेता कॉलेजच्या संघात ग्रॅज्युएट असिस्टंट म्हणून राबायचं. फी माफ होते आणि हातखर्चापुरते पैसे मिळतात. अँडी रीड, ज्यांनी पुढे चीफ्सचे हेड कोच म्हणून तीन सुपर बोल जिंकले, ते 1982 मध्ये ब्रिगहॅम यंग विद्यापीठात असेच ग्रॅज्युएट असिस्टंट होते. तिथून ते सॅन फ्रान्सिस्को स्टेट या लहान कॉलेजात लाइनचे कोच झाले. तिथे संघाकडे पैसा इतका कमी होता की निधी उभारायला कोच मंडळी कॅम्पसवर हॉट डॉग विकत.

दुसरं दार थेट एनएफएलचं, पण तिथेही उंबऱ्यापासूनच सुरुवात. बिल बेलिचिक 1975 मध्ये अर्थशास्त्राची पदवी घेऊन बाहेर पडले आणि बाल्टिमोर कोल्ट्सकडे आठवड्याला 25 डॉलरवर लागले. काम एकच, प्रतिस्पर्ध्यांच्या सामन्यांच्या फिल्म बघून प्रत्येक चाल कागदावर उतरवायची. ते त्यांना घरूनच येत होतं, कारण वडील स्टीव्ह बेलिचिक नौदल अकादमीत कोच होते आणि मुलगा लहानपणी त्यांच्या शेजारी बसून फिल्म बघायचा. याच बेलिचिकनी पुढे न्यू इंग्लंड पेट्रियट्सचे हेड कोच म्हणून सहा सुपर बोल जिंकले.

निवृत्त खेळाडूंचं तरी सोपं असेल असं वाटेल. डिमेको रायन्स हा 2006 चा सर्वोत्तम नवोदित बचावपटू. पुढे दोनदा ऑल-स्टार सामन्यासाठी निवड झालेला हा नावाजलेला लाइनबॅकर कोचिंगकडे वळला तेव्हा 2017 मध्ये सॅन फ्रान्सिस्को 49र्सकडे क्वालिटी कंट्रोलवरच लागला. वर्षभराने लाइनबॅकर कोच, 2021 मध्ये डिफेन्सिव्ह कोऑर्डिनेटर, 2023 मध्ये ह्यूस्टन टेक्सन्सचा हेड कोच. सहा वर्षांत तळापासून टोकापर्यंत जाणं हे अतिशय झपाट्याचं उदाहरण आहे. त्यावरून इतरांचा हिशोब मांडू नये.

क्वालिटी कंट्रोलवाला दिवसभर नेमकं करतो काय? समजा, रविवारी तुमचा सामना शिकागोशी आहे. बाकीचे कोच अजून मागच्या सामन्यात गुंतलेले असताना हा शिकागोचे आधीचे सामने घेऊन बसलेला असतो. व्हिडिओ उंचावरून घेतलेला, मैदानावरचे बावीसही खेळाडू एकाच चौकटीत दिसतील असा. प्रत्येक चालीची नोंद करायची: कितवा प्रयत्न, किती यार्ड हवेत, चेंडू मैदानाच्या डाव्या अंगाला की उजव्या, कोणते अकरा आत आहेत, कसे उभे राहिले, चेंडू सुटण्याआधी कोण हललं, शेवटी काय झालं. एका सामन्यात एका संघाच्या साठ-सत्तर चाली होतात, असे चार-पाच सामने. सगळं भरून झालं की त्यातून सवयी दिसू लागतात. तिसऱ्या प्रयत्नाला पाच यार्ड हवे असताना ते तीन रिसीव्हर एका बाजूला उभे करतात का? ऑफेन्सिव्ह लाइनमधला उजवा गार्ड पासच्या वेळी अंगठाभर मागे बसतो का? अशी एखादी सवय हाती लागली तर रविवारी सामना फिरू शकतो. आपल्याच संघाच्या चालींचीही अशीच छाननी होते, कारण आपल्या सवयी समोरचाही शोधत असतोच.

मग कार्डं काढायची. बुधवारच्या सरावात राखीव खेळाडू शिकागोची नक्कल करणार, म्हणून शिकागोची प्रत्येक चाल मोठ्या कार्डावर गोल, त्रिकोण आणि बाणांनी काढून, कोणत्या खेळाडूने कुठे जायचं ते खुणेनं दाखवून, गठ्ठा क्रमाने लावून ठेवायचा. सरावात हा माणूस राखीव अकरांच्या घोळक्यात उभा राहून एकेक कार्ड वर धरतो. बाण चुकीचा काढला असेल तर बचावाची पहिली फळी चुकीची गोष्ट शिकते, आणि ते रविवारी सगळ्यांसमोर उघडं पडतं. म्हणूनच वरिष्ठांची या पोरावर बारीक नजर असते. कार्ड बिनचूक काढणाऱ्यावर उद्या पाच खेळाडू सोपवता येतील की नाही, याचा अंदाज त्यांना इथेच येतो.

आठवडा कसा जातो

सामना रविवारी. सोमवारी मागच्या सामन्याचा हिशोब, चुका आणि दुखापती. मंगळवारी खेळाडूंना सुट्टी असते आणि कोचांचा तो सगळ्यांत लांबलचक दिवस, कारण त्याच रात्री पुढच्या सामन्याची योजना ठरते. कित्येक जण ऑफिसातल्या सोफ्यावरच आडवे होतात. बुधवारी पहिल्या-दुसऱ्या प्रयत्नांच्या चाली शिकवायच्या, गुरुवारी तिसऱ्या प्रयत्नाच्या, शुक्रवारी शेवटच्या वीस यार्डांतल्या. शनिवारी हलकी उजळणी आणि प्रवास. ही घडी बहुतेक संघांत थोड्याफार फरकाने अशीच असते.

सामन्याच्या दिवशी काही कोच मैदानाच्या कडेला उभे असतात, काही वर काचेच्या खोलीत. खालून खेळाडूंचे चेहरे दिसतात, वरून सगळी मांडणी. क्वार्टरबॅकच्या हेल्मेटमध्ये 1994 पासून रेडिओ आहे, बचावातल्या एका खेळाडूच्या हेल्मेटमध्ये 2008 पासून. चाल सांगणारा कोच त्यावर बोलतो, पण घड्याळात पंधरा सेकंद उरले की रेडिओ आपोआप बंद होतो. म्हणजे समोरून कोणते खेळाडू आत आले ते बघायचं, चाल निवडायची, सांगायची, आणि पंधरा सेकंद उरण्याआधी गप्प व्हायचं. हे सामन्यात साठ-सत्तर वेळा. ऑफेन्सिव्ह किंवा डिफेन्सिव्ह कोऑर्डिनेटरपदाचं वजन इथे आहे. काही हेड कोच आक्रमणाच्या चाली स्वतःच सांगतात, आणि मग त्यांच्या ऑफेन्सिव्ह कोऑर्डिनेटरच्या कामाचं माप घेणं बाहेरच्यांना कठीण होतं. यावरून पुढे बरंच राजकारण होतं.

नियमित हंगाम सप्टेंबर ते जानेवारीच्या सुरुवातीपर्यंत, 17 सामन्यांचा. पण म्हणून बाकीचं वर्ष मोकळं असतं असं नाही. फेब्रुवारीअखेर इंडियानापोलिसला नव्या खेळाडूंची पारख, मार्चमध्ये खेळाडूंच्या सह्या, एप्रिलअखेर ड्राफ्ट (संघांनी आळीपाळीने नवे खेळाडू निवडायचे), मे-जूनमध्ये सराव. जूनच्या मध्यापासून जुलैअखेरपर्यंत काय ती उसंत. या खात्यातल्या माणसाला मुलांचे वाढदिवस आणि शाळेची गॅदरिंग्ज या पाच-सहा आठवड्यांत बसवता येत नाहीत. त्याच्या घरच्यांनी काय सोसलेलं असतं याचा उल्लेख क्वचितच होतो, तो व्हायला हवा.

बढती कशी मिळते: कोणाच्या शेजारी बसला होतात?

हा या कहाणीचा गाभा आहे, म्हणून पुन्हा फँजिओंकडे जाऊ.

1984 मध्ये ते फिलाडेल्फिया स्टार्स या यूएसएफएलमधल्या संघात होते. ही एनएफएलला टक्कर द्यायला निघालेली आणि थोड्याच वर्षांत बंद पडलेली लीग. तिथले हेड कोच जिम मोरा. 1986 मध्ये मोरा सेंट्सचे हेड कोच झाले आणि फँजिओंना लाइनबॅकर कोच म्हणून सोबत घेऊन गेले. सेंट्सच्या त्याच ऑफिसात आणखी एक सहकारी होता, डॉम केपर्स. 1995 मध्ये कॅरोलायना पँथर्स हा नवा संघ उभा राहिला, केपर्स त्याचे हेड कोच झाले आणि त्यांनी फँजिओंना डिफेन्सिव्ह कोऑर्डिनेटर केलं. दुसऱ्याच हंगामात हा नवखा संघ सुपर बोलपासून एक सामना दूर राहिला. 1998 मध्ये संघ घसरला, केपर्स गेले, त्यांच्याबरोबर बाकीचेही. तोवर मोरा इंडियानापोलिस कोल्ट्सकडे होते. 1999 मध्ये फँजिओ तिथे. 2002 मध्ये ह्यूस्टनला पुन्हा एक नवा संघ, पुन्हा हेड कोच केपर्स, आणि पुन्हा त्यांचे कोऑर्डिनेटर फँजिओ.

म्हणजे वीस वर्षांत चार संघ बदलले, पण नोकरी देणारी माणसं दोनच. पुढेही धागा तुटत नाही. बाल्टिमोर रेव्हन्समध्ये जॉन हार्बोंकडे, मग 2010 मध्ये स्टॅनफर्ड विद्यापीठात त्यांचे सख्खे भाऊ जिम हार्बोंकडे, आणि 2011 मध्ये जिमबरोबर 49र्सकडे.

याला वशिला म्हणायचं का? बाहेरून तसंच दिसतं आणि त्यात तथ्यही आहे. पण हेड कोचच्या बाजूनेही बघावं लागतं. नोकरी लागल्यावर त्याला पंधरा-वीस दिवसांत वीस माणसं उभी करायची असतात. प्रत्येकाने एकच शब्दसंग्रह बोलला पाहिजे, एकच पद्धत शिकवली पाहिजे. अशा वेळी ज्याला रात्री बारा वाजता फिल्मसमोर बसलेलं बघितलंय त्यालाच फोन जातो. तळाच्या पायरीवर केलेल्या कामाची मजुरी अशी दहा-दहा वर्षांनी मिळते. रीड ब्रिगहॅम यंगला ग्रॅज्युएट असिस्टंट असताना तिथे क्वार्टरबॅक कोच होते माइक होमग्रेन. 1992 मध्ये होमग्रेन ग्रीन बे पॅकर्सचे हेड कोच झाले, तेव्हा दहा वर्षांपूर्वीचा तो पोरगा त्यांना आठवला.

शॉन मॅकव्हे यांचं उदाहरण तर फारच बोलकं आहे. 2008 मध्ये टँपा बेमध्ये जॉन ग्रूडन यांच्या हाताखाली रिसीव्हर कोचचे मदतनीस. हंगाम संपला, ग्रूडन गेले, मॅकव्हेंचीही नोकरी गेली. 2009 मध्ये ते यूएफएल नावाच्या छोट्या लीगमध्ये फ्लोरिडा टस्कर्सकडे गेले. तिथे ऑफेन्सिव्ह कोऑर्डिनेटर होते जॉनचे भाऊ जे ग्रूडन. मग मॅकव्हे वॉशिंग्टनला टाइट एंडचे (लाइनच्या टोकाला उभं राहून अडवणारा आणि पासही झेलणारा खेळाडू) कोच झाले. 2013 च्या हंगामानंतर तिथलेही हेड कोच गेले, आणि नवे आले तेच जे ग्रूडन. त्यांनी मॅकव्हेंना ठेवून घेतलंच, वर ऑफेन्सिव्ह कोऑर्डिनेटर केलं. जानेवारी 2017 मध्ये लॉस एंजेलिस रॅम्सने त्यांना तिसाव्या वर्षी हेड कोच नेमलं, आधुनिक एनएफएलमधले सर्वांत तरुण. मॅकव्हेंच्या आजोबांचं, जॉन मॅकव्हेंचं, 49र्सच्या कारभारात मोठं नाव होतं हेही सांगायला हवं. घराण्याचं नाव दार उघडतं. रेडिओवर पंधरा सेकंद उरायच्या आत योग्य चाल सुचणं मात्र घराण्यातून मिळत नाही.

मॅकव्हे यशस्वी ठरताच सगळे मालक त्यांच्यासारखा तरुण शोधू लागले. 2019 मध्ये सिनसिनाटीने मॅकव्हेंच्या क्वार्टरबॅक कोचला, झॅक टेलर यांना, हेड कोच नेमलं. फेब्रुवारी 2022 च्या सुपर बोलमध्ये हे गुरू-शिष्यच समोरासमोर आले, आणि गुरू जिंकले.

नारळ

असिस्टंट कोचचं भवितव्य त्याच्या कामापेक्षा हेड कोचच्या नोकरीवर जास्त अवलंबून असतं. नियमित हंगाम संपला की दुसऱ्या दिवशी, ज्याला तिकडे ब्लॅक मंडे म्हणतात, चार-पाच, कधी त्याहून जास्त हेड कोच जातात. नवा येतो तो आपली माणसं घेऊन. तुमच्या हाताखालचे पाचही खेळाडू त्या वर्षी झळकले असले तरी तुम्ही बहुधा बाहेर. करार दोन-तीन वर्षांचा असतो, उरलेल्या कराराचे पैसे मिळतात, पण बिऱ्हाड हलवावंच लागतं.

उलटंही घडतं. 2001 मध्ये कोल्ट्सचा बचाव फार ढासळला. संघाचे अध्यक्ष बिल पोलियन यांना फँजिओंना काढायचं होतं. मोरांनी नकार दिला, आणि जानेवारी 2002 मध्ये स्वतःची नोकरी गमावली. आपल्या असिस्टंटसाठी हेड कोचपद सोडणारी माणसं फार नाहीत. मोरांची आठवण काढताना लोक त्यांच्या पत्रकार परिषदांतल्या संतापाच्या क्लिप दाखवतात, मला मात्र हा नकार मोठा वाटतो.

खेळाडूंची संघटना लीगशी करार करते, संप करू शकते. कोचांची संघटना आहे, पण तिला तसा अधिकार नाही. याची किंमत 2009 मध्ये कळली. लीगने संघमालकांना कोचांच्या पेन्शन योजनेतून बाहेर पडायची मुभा दिली, तेव्हा कोल्ट्सचे दोन जुनेजाणते असिस्टंट, टॉम मूर आणि लाइन कोच हॉवर्ड मड, यांनी पेन्शनचं नुकसान टाळायला निवृत्ती घेतली. क्वार्टरबॅक पेटन मॅनिंगचं आक्रमण ज्यांनी घडवलं अशी ही माणसं. पुढे दोघेही सल्लागार म्हणून परत आले. मूर तर त्यानंतरही काम करतच राहिले. फेब्रुवारी 2021 मध्ये टँपा बेने सुपर बोल जिंकला तेव्हा ते 82 वर्षांचे होते आणि त्या संघाबरोबर होते.

आणखी एक बारकावा. करार चालू असताना दुसऱ्या संघाने त्याच दर्जाचं पद देऊ केलं तर तुमचा संघ मुलाखतीला नाही म्हणू शकतो. पूर्वी कोऑर्डिनेटरपदासाठीही असं अडवता येत असे. 2020 मध्ये नियम बदलला आणि पोझिशन कोचला खऱ्याखुऱ्या कोऑर्डिनेटरपदाच्या मुलाखतीला जाण्यापासून आता रोखता येत नाही.

दार कोणासाठी अडतं

ओळखीवर चालणाऱ्या धंद्यात ज्यांची ओळख नाही ते बाहेर राहतात. टोनी डंजी 1984 मध्ये अवघ्या 28 व्या वर्षी पिट्सबर्ग स्टीलर्सचे डिफेन्सिव्ह कोऑर्डिनेटर झाले. हेड कोच व्हायला त्यांना 1996 उजाडलं. 2002 मध्ये मोरांच्या जागी कोल्ट्सने त्यांनाच आणलं, आणि फेब्रुवारी 2007 मध्ये सुपर बोल जिंकणारे ते पहिले कृष्णवर्णीय हेड कोच ठरले. खेळाडूंमध्ये कृष्णवर्णीय बहुसंख्य आणि हेड कोचांमध्ये मूठभर, ही विसंगती डोळ्यांवर येत होती. म्हणून 2003 मध्ये स्टीलर्सचे मालक डॅन रूनी यांच्या नावाने ओळखला जाणारा नियम आला: हेड कोच नेमण्याआधी अल्पसंख्याक समाजातल्या किमान एका उमेदवाराची मुलाखत घ्यायचीच. पुढे तो कडक झाला, कोऑर्डिनेटरपदांनाही लागू झाला. पण मुलाखत सक्तीची करता येते, नेमणूक नाही. एरिक बिनेमी 2018 ते 2022 चीफ्सचे ऑफेन्सिव्ह कोऑर्डिनेटर होते, त्या काळात दोन सुपर बोल जिंकले, हेड कोचपदाच्या मुलाखती भरपूर दिल्या, पद मिळालं नाही. त्यांच्याविरुद्ध एक मुद्दा हमखास यायचा, चाली तर रीडच सांगतात. पण स्वतः रीड 1999 मध्ये ईगल्सचे हेड कोच झाले तोवर एनएफएलमध्ये ते कधी कोऑर्डिनेटरही नव्हते. हा मुद्दा सगळ्यांना सारखा लावला गेला असता तर मला पटला असता.

स्त्रियांसाठी दार फार उशिरा किलकिलं झालं. 2016 मध्ये बफेलो बिल्सने कॅथरिन स्मिथ यांना स्पेशल टीम्सच्या क्वालिटी कंट्रोलवर घेतलं, त्या लीगमधल्या पहिल्या पूर्णवेळ महिला कोच. फेब्रुवारी 2020 मध्ये 49र्सच्या केटी सोवर्स सुपर बोलमध्ये कोच म्हणून उभ्या राहणाऱ्या पहिल्या महिला ठरल्या. आपल्याकडच्या वाचकांना माहीत असावं असं आणखी एक नाव म्हणजे भारतीय वंशाचे संजय लाल. रेडर्सकडे क्वालिटी कंट्रोलपासून सुरू करून ते रिसीव्हर कोच झाले आणि जेट्स, बिल्स, काउबॉइज, सीहॉक्स अशा संघांत त्यांनी तेच काम केलं.

वर चढायलाच हवं का?

फँजिओंना हेड कोचपद मिळालं जानेवारी 2019 मध्ये, साठाव्या वर्षी, डेन्व्हर ब्रॉन्कोजकडे. शिकागोत त्यांनी बांधलेल्या बचावाने आदल्या हंगामात लीगमध्ये सर्वांत कमी गुण दिले होते. डेन्व्हरमध्ये तीन हंगामांत 19 विजय, 30 पराभव, आणि नारळ. हेड कोचचं काम वेगळंच असतं: पत्रकार, मालक, दुखापतींचे निर्णय, वेळेचं भान, आणि आक्रमणाची जबाबदारीही. उत्तम शिकवणाऱ्याला हे जमेलच असं नाही. वाईट याचं वाटतं की या रचनेत मोठा पगार आणि मान मिळवायचा तर शिकवण्यापासून एकेक पायरी दूर जावं लागतं. फँजिओ पुन्हा खाली उतरले, आधी मायामी आणि मग फिलाडेल्फियात कोऑर्डिनेटर झाले, आणि त्यांचं सगळ्यांत गाजलेलं काम त्यानंतरचं आहे.

काहींनी मात्र हा मोह धरलाच नाही. डांटे स्कारनेकिया तीसहून अधिक हंगाम पेट्रियट्सकडे होते, त्यातला मोठा काळ ऑफेन्सिव्ह लाइनचे कोच. पास टाकायला क्वार्टरबॅकला अडीच-तीन सेकंद मिळतात आणि ते मिळवून द्यायचे या पाच जणांनी. स्कारनेकिया पाऊल किती टाकायचं, हात कुठे लावायचे, कंबर किती खाली ठेवायची, हेच वर्षानुवर्षं रोज घोटून घ्यायचे, पंधरा वर्षं खेळलेल्याकडूनही. 2014 च्या सुरुवातीला ते निवृत्त झाले. जानेवारी 2016 मध्ये डेन्व्हरविरुद्धच्या उपांत्य सामन्यात टॉम ब्रेडीला वीस वेळा फटके बसले आणि पेट्रियट्स 20-18 असे हरले. त्या दिवशी मार्कस कॅनन या लाइनच्या उजव्या टोकाच्या खेळाडूवर, म्हणजे टॅकलवर, सगळ्यांत जास्त टीका झाली. बेलिचिकनी स्कारनेकियांना परत बोलावलं. बरेचसे खेळाडू तेच, कॅननही तोच. पुढच्या हंगामात कॅननची लीगच्या सर्वोत्तम खेळाडूंच्या दुसऱ्या संघात निवड झाली आणि पेट्रियट्सने सुपर बोल जिंकला. एक असिस्टंट कोच बदलल्याने काय होतं याचं यापेक्षा स्वच्छ उदाहरण मला माहीत नाही.

अशा माणसांचं ओहायोतल्या कँटन इथल्या हॉल ऑफ फेममध्ये, म्हणजे या खेळातल्या थोरांच्या संग्रहालयात, काय? कोच म्हणून तिथे पुतळे आहेत ते हेड कोचांचे. डिक लेबो यांनी बचावाचा झोन ब्लिट्झ प्रकार (पुढच्या रांगेतला एखादा मागे सरकतो आणि मागचा धावून जातो) रुजवला, चार दशकांहून जास्त काळ कोचिंग केलं, पण 2010 मध्ये त्यांना घेतलं ते खेळाडू म्हणून. असिस्टंट कोचांसाठी 2022 मध्ये हॉलने वेगळा पुरस्कार सुरू केला. पहिल्याच यादीत ॲलेक्स गिब्ज होते, डेन्व्हरचे लाइन कोच. धावणाऱ्यासाठी वाट काढायची त्यांची पद्धत आज लीगभर वापरात आहे. गिब्ज 2021 मध्येच वारले होते. पुरस्कार ठीक आहे, पण पुतळ्यांच्या दालनात या लोकांना जागा द्यायला हवी, आणि सुरुवात गिब्ज आणि स्कारनेकियांपासून व्हावी.